सुगराच्या पोटातली जाळी

दुसऱ्या बाळंतपणात पोट चिरल्यापासून देवगडच्या सुगराला अंतर्गळाने छळलं होतं. खोकली तरी जुन्या टाक्यांखाली मुठीएवढा फुगा यायचा. एकदा शिवून घेतलं, ते वर्षभरात उसवलं. मग १९६३ साली तिचा नवरा अस्लम, गलबतावरचा तांडेल, तिला कोल्हापूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी आतून कृत्रिम धाग्याची विणलेली जाळी बसवली आणि तीन महिने जड उचलू नका म्हणून बजावलं.

जखम छान मिळून आली. पण दीड महिन्यानं व्रणावर एक बारीक भोक पडलं आणि पाझरू लागलं. काही केल्या सुकेना. जाऊ बानूनं सगळ्यांना सांगितलं, हिनं विसाव्याच दिवशी विहिरीवरून कळशी आणली. ते खरं होतं. घरात कुणी नव्हतं आणि पोरं तहानलेली होती. अस्लम काही बोलला नाही, पण त्याचं ते न बोलणंच सुगराला जास्त लागलं. वास येईल म्हणून तिनं लग्नकार्याला जाणं सोडलं. फडकी ती सगळ्यांच्या आधी उठून धुवायची.

आठ महिन्यांनी दोघं पुन्हा कोल्हापूरला गेली. डॉक्टरांनी जाळी काढून टाकली. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "मिया कळशी उचललंय म्हणान ह्या झाला?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "नाही. ही जाळी पिळाच्या धाग्याची. त्या पिळांत जंतू दडून बसतात, औषध तिथे पोचत नाही. एकसंध, गुळगुळीत धाग्याची जाळी असती तर बहुधा असं झालं नसतं. निवड माझी होती, सुगराबाई."

"ह्या आमच्या घरवाल्याक सांगा."

त्यांनी अस्लमला आत बोलावून सगळं पुन्हा सांगितलं. अस्लम तिच्या पायांवरची चादर नीट करत म्हणाला, "मिया तुका आधीच इचारूक होया होता."

जाळी काढली तरी तिच्याभोवती मांस घट्ट धरलं होतं, त्यामुळे पोट बहुतेक टिकलं. डावीकडे थोडा फुगवटा राहिला, त्यावर ती पट्टा बांधायची. जखम सहा आठवड्यांत सुकली. बानूला मात्र अस्लमनंच सगळं समजावलं. ती उठून गेली आणि संध्याकाळी पेजेचं भांडं घेऊन आली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी, दुसऱ्या रोग्यांच्या उपयोगासाठी तिची हकिगत लिहून ठेवू का, असं विचारलं. सुगरा म्हणाली, "लिवा. कळशीचापण लिवा."