नकाशातला खांब

"काका, हा ढीग इथे कोणी रचला?"

ऋचाने विचारलं तेव्हा बळीराम पाठमोरा होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तांदळाच्या पिशव्यांवरची नसलेली धूळ फडक्याने झटकत राहिला. सहा वर्षांत हाच प्रश्न त्याला चार मॅनेजरांनी विचारला होता. चौघांनाही "मना काय मायत नाय, वरून आला" असं सांगून त्याने वाटेला लावलं होतं. वरून म्हणजे कुठून, हे विचारायला कुणालाच वेळ नसतो, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

पण ऋचा मॅनेजर नव्हती. ती हेड ऑफिसातून आली होती. पंचविशीची, कामोठ्याला राहणारी, हातात टॅब घेऊन फिरणारी मुलगी. तिचं काम एकच, दुकान मांडणं. कुठली वस्तू डोळ्यांसमोर यावी, कुठली पायाशी, हे ती ठरवायची. तेल आणि तांदूळ मुद्दाम पार मागे, म्हणजे माणूस तिथवर पोचेपर्यंत वाटेत दहा गोष्टींशी त्याची गाठ पडावी. घरून फक्त तेल आणायला निघालेली बाई बिस्किटांचे चार पुडे आणि फरशी पुसायचा दांडा घेऊन परत जाते, ते काही आपसूक होत नाही. कुणीतरी ऋचा ते घडवून आणते.

"हे बघा," तिने टॅब त्याच्यापुढे धरला. वरच्या कॅमेऱ्यातून घेतलेलं चित्र होतं. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. "सगळे दारातून आत येतात, सरळ चालतात आणि इथे आले की वळसा घालतात. पलीकडची अख्खी गल्ली डेड आहे. सोमवारी हा स्टॅक जाणार. मेन वॉकवे इथूनच काढायचाय, दारापासून थेट दूध-दह्यापर्यंत. फ्लोअरवर बाण लावू. लोक अक्षरशः यावरून चालत जातील."

"नाय!" बळीराम म्हणाला.

तो एवढ्या जोरात म्हणाला, की भाजीच्या काट्याजवळची मुलगी मान वळवून बघायला लागली. बळीराम म्हणजे दुकानातला सगळ्यात गरीब माणूस. पंचावन्न वर्षांचा, निळा शर्ट पँटीत नीट खोचलेला, कुणी ओरडलं तरी "हो साहेब" म्हणणारा. त्याच्या तोंडातून असा नकार कुणी ऐकला नव्हता.

"का?" ऋचाने विचारलं. तिने चिडून नाही, खरंच विचारलं.

बळीरामने फडकं खांद्यावर टाकलं. तो गोदामात निघून गेला.

हे दुकान ज्या जागेवर उभं होतं ती एकेकाळी ओवे गावातली त्याच्याच घरची शेतं होती. जमीन सरकारात गेली, बदल्यात तिथेच मिळालेला प्लॉट चुलत्यांनी विकला, त्यावर सात मजली इमारत आली आणि तिच्या तळमजल्यावर हे मार्ट. अशा गोष्टी पनवेलच्या गावागावांत झाल्या, त्यात नवल नाही. आपल्याच भातखाचरात आता निळा शर्ट घालून साबण मांडतो, म्हणून पोरं त्याची थट्टा करायची. "बळीकाका, यंदा साबनाचं पीक कसं हाय?" तोही हसायचा. पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला जमिनीची ओढ सुटत नाही.

जमिनीचं त्याला काहीच नव्हतं.

चोवीस वर्षांपूर्वी त्याला पहिली मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. नाव ठेवायचं राहिलं ते राहिलंच. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. त्याने तिला स्वतःच्या हातांनी बांधाच्या कडेला ठेवलं. जागा विसरू नये म्हणून चिंचेपासून डोंगराच्या दिशेने पावलं मोजली. नव्वद. मग तो घरी आला, दहाव्या दिवशी उरणला गेला आणि कंटेनर यार्डात कामाला लागला. आठ वर्षं तो गावात धड राहिला नाही. सणाला यायचा आणि पाठ टेकते न टेकते तोच परत निघायचा. रंभा, त्याची बायको, एकटीच राहिली. मागाहून केतन झाला, तो वाढला, पुण्याला नोकरीला लागला. त्या मुलीबद्दल नवराबायको एकमेकांशी चोवीस वर्षांत एक शब्द बोलली नाहीत.

इमारतीचे नुसते खांब उभे होते, तेव्हा एका दुपारी बळीरामने रस्त्याकडेच्या चिंचेपासून पुन्हा पावलं टाकली. नव्वदावं पाऊल दोन खांबांच्या मधोमध पडलं. तिथे गवंड्यांचा तंबाखूचा थुंका होता. त्याने तो पायाने नाही, हाताने माती लोटून झाकला. दुकान उघडणार असं कळलं त्याच आठवड्यात तो नोकरी मागायला गेला.

तेव्हापासून ती जागा त्याने मोकळी पडू दिली नव्हती. कधी तांदूळ, कधी गूळ, कधी कणकेच्या पिशव्या. काही ना काही तिथे उभं, म्हणजे कुणाचा पाय पडायला नको. एका मॅनेजरने तिथे संडास साफ करायच्या बाटल्या मांडायला लावल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी बळीरामने एकट्याने त्या उचलून सगळा गूळ तिथे आणला होता. त्याची कंबर चार दिवस धरली होती. दुपारी गिऱ्हाईक नसतं, फ्रीज घरघरायचे एकदम थांबतात, तेव्हा तो हातातलं काम टाकून तिथे उभा राहायचा आणि कान द्यायचा. ट्रॉलीत बसवलेलं एखादं तान्हं तिथून जाताना मान वळवून बघतं, हे त्याने पाहिलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा. रडणारी गप्प होतात, गप्प असलेली रडतात. त्याला खात्रीच होती. ती तिथे आहे आणि पोरांना ती दिसते.

शनिवारी दुपारी ऋचा डबा खात बसली होती. बळीराम तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, एक बोलायचा होता."

"बसा ना काका."

तो बसला नाही. उभ्या उभ्या, जमिनीकडे बघत त्याने सगळं सांगितलं. जे बायकोला सांगितलं नव्हतं ते या परक्या मुलीला सांगताना त्याला लाज वाटत होती आणि तरी थांबता येत नव्हतं. सांगून झाल्यावर म्हणाला, "बाय, मना दुसरा काय नको. तिच्यावरनं लोकांना चालवू नको."

ऋचाने डब्याचं झाकण लावलं. मग तिने टॅब काढला, दुकानाचा नकाशा उघडला आणि त्या जागी एक छोटा काळा चौकोन काढला.

"हे काय?"

"खांब," ती म्हणाली. "हेड ऑफिसमधलं कोणी इथे येऊन बघत नाही, काका. नकाशात खांब आहे म्हटल्यावर वॉकवे वळवावाच लागतो. मी डावीकडून काढते."

"पन खांब नाय ना तिथं."

"नकाशात आहे ना. बस झालं."

बळीरामचे डोळे भरून आले. त्याने ते खांद्यावरच्या फडक्याने पुसले.

सोमवारी मांडणी बदलली. त्या जागी तांदळाचा ढीग राहिला नाही, हे खरं. ऋचाने तिथे एक गोल, गुडघ्याएवढा ओटा बसवून घेतला. त्यावर बाळांच्या वस्तू मांडल्या. पावडरीचे डबे, मऊ टॉवेल, लोकरीचे मोजे, दुपटी आणि मधोमध एक छोटा लाकडी पाळणा. बळीराम लांबून बघत राहिला. त्या पोरीला आयुष्यात जे काही मिळालं नाही ते सगळं एका जागी आलं होतं. मोज्यांची एक जोडी जरा वाकडी बसली होती. ती त्याने हलकेच सरळ केली.

त्या दिवशी जेवताना तो रंभेला म्हणाला, "उद्या दुपारी मार्टात ये."

रंभेचा घास हातातच राहिला. या सहा वर्षांत ती त्या दुकानात एकदाही आली नव्हती. मीठ-मिरची गावातल्या दुकानातूनच आणायची. त्या जागेत पाय ठेवायचा नाही, असं तिने एकदा सांगितलं होतं आणि पुन्हा विषय काढला नव्हता. बळीरामला वाटायचं, हिला चुलत्यांचा राग आहे.

"मी नाय येनार."

"तिची जागा राखली हाय मी," तो म्हणाला. "सा वर्सं राखली. एकदा बघून जा."

'तिची' म्हणजे कुणाची, हे रंभेने विचारलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. ज्या माणसाबरोबर जन्म काढला तो पहिल्यांदाच समोर बसलाय, असं तिचं बघणं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती आली. नेसणीचं चांगलं लुगडं, डोक्यावर पदर. बळीराम बाहेर चिंचेखाली तिची वाट बघत होता. दारातून आत येताना ती एका बाजूने, भिंतीला अंग घासत आली, हे त्याच्या लक्षात आलं, पण काचेच्या दाराला बिचकली असेल असं त्याला वाटलं. त्याने तिला आत आणलं, पिठाच्या गल्लीतून, तेलाच्या बाजूने, त्या गोल ओट्यापाशी.

रंभेने पाळणा बघितला. मोजे बघितले. दुपट्यावरून तिने बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून बळीरामला वाटलं, चोवीस वर्षांचं आज फिटलं.

"हितं हाय ती," तो हलकेच म्हणाला.

रंभेने वळून दाराकडे बघितलं, काचेपलीकडच्या चिंचेकडे.

"कशावरनं?"

"मोजली ना पावलं. चिंचेपासनं नव्वद."

"कंच्या चिंचेपासनं?"

"ही काय, बाहेरची."

रंभेने डोळे मिटले. उघडले तेव्हा तिचा आवाज एवढा मऊ झाला होता, जसा आजारी माणसाशी बोलताना होतो.

"अवो, ती चिंच ही नव्हं. ती थोरली होती, पल्याड. रस्ता आला तवा तोडली. तुमी उरणला होता. ही धाकली तवा माझ्या कमरेएवढी होती, बांधावर आपसूक उगवलेली."

बळीराम तिच्याकडे बघत राहिला. गावात जन्मलेल्या माणसाने झाड चुकावं? पण झाडंही मोठी होतात, हे तो विसरला होता. त्याच्या मनात तिला पुरलं तो संध्याकाळचा एक तास जसाच्या तसा थांबला होता, आणि परत आल्यावर त्या तासात बसेल असं एकच झाड उरलं होतं.

"तुला काय मायत?" तो म्हणाला. जरा रागानेच म्हणाला. "तू कवा आलीस? बाळंतीन होतीस तू."

"तुमी गेल्यावर मी यायची. बांधाच्या कडेला उकरलेली माती दिसत होती. दर आवसेला. वाटीभर दूध घेऊन. पत्र्याचं कुंपन घातलं तोवर येत होते." ती थांबली. "वरीस सोला."

"कवा बोलली नाईस."

"तुमीपन नाय बोललात."

फ्रीज घरघरायचे थांबले. दुकान गप्प झालं. बळीरामने सवयीने कान दिला आणि पहिल्यांदाच त्याला काही ऐकू आलं नाही. नुसती फरशी होती. पांढरी, गुळगुळीत, पुसलेली. सहा वर्षं तो एका फरशीपुढे उभा राहिला होता. ती सगळी तान्ही पोरं मान वळवून काय बघत होती मग? गूळ बघत असतील. तांदूळ बघत असतील. पोरं काय, कशाकडेही बघतात.

"मंग कुठं?" त्याने विचारलं.

रंभा चालायला लागली. ती पावलं मोजत नव्हती. एकदा डोंगराच्या बाजूला बघितलं, एकदा रस्त्याच्या, आणि बिलाच्या रांगेला वळसा घालून ती सरळ दारापाशी गेली. काचेचं दार आपोआप उघडलं. आत, उंबरठ्यालगत, काळं जाड पायपुसणं होतं.

रिक्षातून उतरलेली एक बाई आत आली. घाईत होती. तिने पायपुसण्यावर चपला पुसल्या, एक, दोन, नीट, चांगल्या सवयीच्या माणसासारखं, आणि ट्रॉली ओढून आत गेली. तिच्यामागून एक म्हातारा आला. त्यानेही पाय पुसले. मग शाळेच्या दोन मुली.

रंभा भिंतीला टेकून उभी होती. तिने बोट दाखवलं नाही. बळीरामला दाखवायची गरजही राहिली नाही. तो त्या माणसांच्या पायांकडे बघत होता आणि त्याला वाटलं, आता ओरडावं. पण ओरडून सांगणार काय आणि कुणाला? या दारातून दिवसाला हजार माणसं येतात. दार काही कुठल्या नकाशात खांब काढून हलणार नव्हतं.

"घरी चला," रंभा म्हणाली.

"तू जा," तो म्हणाला. "मी येतो सुट्टी झाल्यावर."

ती गेली. जातानाही भिंतीलगत, अंग चोरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचा आली तेव्हा दारात पायपुसणं नव्हतं. नुसती फरशी होती आणि तिच्याशेजारी बळीराम उकिडवा बसला होता, हातात ओला फडका, बाजूला स्वच्छ पाण्याची छोटी बादली.

"काका, मॅट कुठे गेलं?"

"धुवायला टाकलाय."

ती आत गेली. तिच्यामागून एक गिऱ्हाईक आलं, मग आणखी एक. त्यांच्या चपलांचे ठसे फरशीवर उमटले. बळीरामने ते हाताने पुसले. संध्याकाळपर्यंत बादलीतलं पाणी त्याने सात वेळा बदललं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी ऋचाने पुन्हा विचारलं, तेव्हाही तो तेच म्हणाला, "धुवायला टाकलाय, बाय," आणि फडका पिळला.