उरलासुरला कप्पा

साहेबांच्या भाच्याने भर बैठकीत तिचं काम स्वतःच्या नावावर खपवलं, त्याच दिवशी तिने ठरवलं: याचं उट्टं काढायचं. आणि तेही बोट न हलवता.

काम म्हणजे पार्सल पोचवणाऱ्या त्यांच्या कंपनीतला, कॉम्प्युटरवरचा एकच अवाढव्य तक्ता. पार्सल जिथे जिथे थांबेल तिथली एक ओळ त्यात पडायची. पूर्वी सगळ्या ओळींचा एकच ढीग होता, "माझं पार्सल कुठंय?" असं कुणी विचारलं की उत्तराला मिनिटभर लागायचं. तीन वर्षांपूर्वी हिने डोळे फोडून त्या ढिगाचे महिन्यागणिक कप्पे केले, प्रत्येक कप्प्याला पुस्तकामागे असते तशी सूची लावली. मार्चचं पार्सल मार्चच्याच कप्प्यात शोधायचं, बाकीच्यांना हातही लावायचा नाही. उत्तर पापणी लवायच्या आत हजर. मग यंदा वरचे लोक बघायला आले, तर नुकत्याच चिकटलेल्या भाच्याने रंगीत चित्रं दाखवून टाळ्या घेतल्या आणि वर हिला म्हणाला, "मावशी, तुम्ही आता जरा आराम करा." मावशी! बेचाळिसाव्या वर्षी! महिन्याभरात तिची रवानगी तळमजल्यावर, प्रिंटरच्या खोलीत झाली.

पण मेल्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. पुढच्या वर्षाचे बारा कप्पे डिसेंबरात हाताने करावे लागत, आणि ते ती गुपचूप करून ठेवायची. कप्पा नसला की ओळ पडायची उरल्यासुरल्या कप्प्यात. तो कायम रिकामाच राहायचा, म्हणून त्याला सूचीसुद्धा नव्हती.

डिसेंबर आला आणि गेला. तिने कप्पे केले नाहीत, कुणाला सांगितलंही नाही. बस म्हणावं आता बोंबलत!

रोज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी, कुणी यायच्या आत, ती प्रिंटरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून तक्त्याला एकच प्रश्न विचारायची: कालचं अमुक पार्सल कुठे आहे? आणि घड्याळ बघायची. जानेवारीत दोन सेकंद. फेब्रुवारीत नऊ. मार्चमध्ये सव्वीस. आकडा वाढला की तिचा दिवस मजेत जायचा. शाई बदलणाऱ्या बाईची तक्ता बघायची परवानगी काढून घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिची धाकटी बहीण त्याच कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायची. संध्याकाळी दोघी एकाच बसने घरी जायच्या. "ताई, आज एकाने मला आईवरून शिवी दिली," एप्रिलमध्ये धाकटी म्हणाली. "उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात लोक वाट्टेल ते बोलतात. तुला कळतं ना यातलं? काय झालंय गं?"

"मला काय माहीत? मी शाई बदलते." आई तर दोघींची एकच होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी ती मनात म्हणाली: थोडं थांब, बये, एकदा तो तोंडावर आपटू दे.

मे महिन्यात एका सोमवारी तक्त्याने मानच टाकली. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, फोनवाल्यांनासुद्धा. ती दाराशी बसली. आता भाचा तोंडघशी पडणार, मग सगळे आपल्याकडे वळणार, या क्षणाची तिने पाच महिने वाट पाहिली होती.

भाच्याला येत होती तेवढी एकच गोष्ट त्याने केली होती: सगळ्यात रखडलेल्या प्रश्नांची यादी छापून आणली होती. तिच्याच प्रिंटरवर, कागद तिनेच भरला होता.

"सगळ्यात वर एकच प्रश्न आहे," तो चाचरत म्हणाला. "रोज आठ वाजून पाच मिनिटांनी. जानेवारीपासून अठ्ठ्याण्णव वेळा. तळमजल्यावरून."

साहेब तिच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"असणारच!" ती ताडकन उठली. "तक्ता माझा, कप्पे मी केलेत. विचारा तुमच्या लाडक्या भाच्याला, उरलासुरला कप्पा म्हणजे काय ते!"

भाच्याने मान खाली घातली. तक्ता कुणी केला, याची कुणालाच शंका उरली नाही. तिला इतका आनंद झाला की तिने आधी धाकटीला शोधलं. धाकटी भाच्याकडे बघतच नव्हती.

"जानेवारीपासून, ताई?" तिने विचारलं.

धाकटी उठली. "तिकडे लोक फोनवर ताटकळलेत," एवढं म्हणून निघून गेली.

नवे कप्पे करून सगळ्या ओळी जागच्या जागी लावायला तिला तीन तास लागले. उत्तर पुन्हा पापणी लवायच्या आत यायला लागलं. उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी सांगितलं, तेव्हा तिने प्रिंटरच्या खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. मग ती बसस्टॉपवर जाऊन धाकटीची वाट बघत उभी राहिली. अंधार पडला तेव्हा तिला कळलं, धाकटी आधीच्याच बसने निघून गेली होती.