कॅमेऱ्यासमोरची पाठ

तीन दिवस झाले तरी फिट येईना.

वेल्डर हॉस्पिटलच्या पलंगावर बसून नुसता धुमसत होता. डोक्याला पंचवीस वायरी चिकटवलेल्या, वरून पट्टी गुंडाळलेली, आणि समोरच्या भिंतीवर कॅमेरा, चोवीस तास डोळे वटारून. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गोळ्या मुद्दाम कमी केल्या होत्या. फिट यायला हवी, कॅमेऱ्यात नीट दिसायला हवी, म्हणजे कळेल मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून सुरू होते. कळलं तर ऑपरेशन. नाही कळलं तर जन्मभर गोळ्या आणि रंगाचा ब्रश.

ब्रशचं असं, की हा खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वर्कशॉपमधला वेल्डर. हात एकदम पक्का. तीन वर्षांपूर्वी जाळी जोडता जोडता फिट आली. नशीब चांगलं, मनगट तेवढं भाजलं. त्या दिवसापासून मालकाने त्याला दुसऱ्यांनी जोडलेल्या जाळ्यांना लाल रंग फासायला बसवलं. हाक मात्र अजून "ए वेल्डर" अशीच मारायचे सगळे. ती ऐकली की याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"एरवी नको तिथे टपकते," तो आईला म्हणाला. "बसमध्ये येते, ताईच्या लग्नात आली. आता बोलावलंय तर भाव खातेय."

"असं बोलू नये रे. ऐकेल ती."

"ऐकू दे ना! त्यासाठीच तर बोलतोय!"

आईच्या हातात एक बटण दिलेलं होतं. सिस्टर रोज बजावून जायची, "मावशी, फिट आली की बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. बाकी आम्ही बघतो." आई रोज मान डोलवायची.

चौथ्या दिवशी दुपारी फिट आली. त्याला आठवतं ते इतकंच, की आई टॉवेलची घडी घालत होती. मग एकदम सिस्टरचा चेहरा, आणि तिच्या हातात पेन. "हे काय आहे? सांगा." तोंडात लाळ, जीभ चावलेली. शब्द तोंडाशी येऊन परत जात होता.

"पेन," तो शेवटी म्हणाला. मग एकदम खूश. "आली? आली ना?"

सिस्टरने आईकडे पाहिलं. आईने खिडकीकडे.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला स्क्रीनसमोर बसवलं. स्क्रीनवर तो पलंगावर बसलेला. नजर थिजली. आणि पुढच्याच क्षणाला समोर आली आईची पाठ. पाठ, पाठ आणि पाठ. ती वाकली, चादर ओढली, त्याच्या डोक्यावरून पार खाली घेतली. बटण जमिनीवर पडलेलं होतं.

"वायरींवरून डावी बाजू वाटतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आधी कुठला हात हलला, तोंड कुठे वळलं, हे दिसल्याशिवाय मी पुढे बोलणार नाही. परत वाट बघू."

दोघं खोलीत आली. दार लागलं आणि बांध फुटला.

"मुद्दाम केलंस तू! तुला ऑपरेशन नकोच आहे!"

"मुद्दाम?" आईचा आवाज चिरकला. "हात गेले रे माझे. आपोआप गेले."

"समोर माणूस होतं का कोण? कॅमेरा होता! त्याच्यापासून लपवायचं होतं?"

"तू आठ वर्षांचा होतास. शाळेच्या मैदानात पडलास, आणि पोरं गोल करून तुझी नक्कल करत होती. हसत होती. मी पळत आले, अंगावरची शाल तुझ्यावर टाकली. तेव्हापासून..."

"ती पोरं घरी गेली, जेवली, विसरली. तू अजून शाल धरून उभी आहेस! सहलीला गेलो नाही, का तर म्हणे पोट दुखतंय. पोहायला नको, म्हणे सर्दी. मालकाला काय सांगितलंस? उपाशी होता, चक्कर आली! फिट हा शब्द अठरा वर्षांत एकदा तरी तोंडातून काढलास?"

आई चादरीची घडी घालायला लागली.

"जा तू घरी. ताईला पाठव."

"नाही जाणार."

"मग बटण दाबायचं आणि भिंतीला चिकटायचं. एक पाऊल पुढे टाकलंस तर आपलं बोलणं बंद. कायमचं."

दोन दिवस ती दोघं एका खोलीत कामापुरतं बोलली. पाणी दे. पंखा कमी कर. बास.

तिसऱ्या दिवशी सकाळी फिट आली, आणि यावेळी सगळं स्क्रीनवर आलं. फिटमध्ये आपण कसे दिसतो, हे त्याने पहिल्यांदा बघितलं. तोंड नुसतंच काहीतरी चावत होतं. डावा हात शर्टाचं बटण चाचपत होता. उजवा वाकडा होऊन ताठ झालेला. सिस्टर हळूच त्याला कुशीवर वळवत होती. कोपऱ्यात आई, भिंतीला टेकून, दोन्ही हात काखेत गच्च दाबलेले, जणू कोणी ते ओढून नेतंय.

"संपलं?" त्याने विचारलं.

"एक मिनिट दहा सेकंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एवढंच?" तो आईकडे वळला. "मला वाटायचं मी काय राक्षस होतो की काय! एवढ्यासाठी तू मला अठरा वर्षं चादरीखाली ठेवलंस?"

आई म्हणाली, "मला ते एवढंसं कधीच वाटलं नाही."

हे ऐकून त्याला जास्तच राग आला.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट समोर ठेवले. डाव्या कानाच्या आतल्या बाजूला मेंदूत जुना व्रण आहे, फिट तिथूनच निघते. तेवढा भाग काढता येतो. शंभरातल्या साठ-सत्तर जणांच्या फिट थांबतात. पण डावी बाजू शब्दांची. नावं पटकन न आठवणं, बोलता बोलता शब्द अडणं, हे होऊ शकतं. कधी कधी कायमचं. शिवाय मेंदूचं ऑपरेशन म्हटल्यावर इतर धोकेही आलेच.

"घरच्यांनी विचार करून सांगा," असं म्हणत त्यांनी संमतीचा कागद आईपुढे सरकवला.

त्याने तो मधल्या मध्ये उचलला. "डॉक्टर, डोकं माझं आहे. आईचा विचार अठरा वर्षं चाललाय."

"आणि फिट थांबल्याच नाहीत तर?" आईने विचारलं.

"तर रंग फासेन. पण मालकाला सगळं खरं सांगून."

"आणि माझं नाव विसरलास तर?"

"तुला नावाने हाक मारतो का मी कधी?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. आई हसली नाही. तोही नाही. त्याला अजून तिच्यावर ओरडायचं होतं, मैदानातल्या पोरांवर ओरडायचं होतं, आणि त्या रंगाच्या डब्याला लाथ घालायची होती. पेन त्याने इतकं दाबून धरलं की सही करताना कागद फाटायचा बाकी राहिला.

आईने कागद स्वतःकडे ओढला. त्याला वाटलं, आता फाडणार. ती नातेवाईकाच्या सहीची जागा शोधत होती.

"तारीख कधीची?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं. "म्हणजे त्याच्या मालकाला कळवायला हवं. फिटचं ऑपरेशन आहे म्हणून."