पाण्याने खाल्लेला लाल रंग

मी एक जुना, पाण्यात उतरणारा कॅमेरा आहे. मित्रांनो, आता कपाटाच्या खालच्या खणात पडून असतो. तरी बाहेर बादली भरल्याचा आवाज आला की माझ्या काचेवर दव येतं. लोक म्हणतात ओल धरली. मला ठाऊक आहे, ती भीती आहे.

सावेडीच्या श्रीमंतभाऊंनी मला जुन्या बाजारातून आणलं आणि माझ्यासाठी जाड काचेची पेटी बनवली. तिच्या झाकणात रबराची एक कडी आहे. तिच्यावर एक केस जरी अडकला, तरी पाणी आत शिरून मी संपलोच. म्हणून उतरण्याआधी भाऊ ती कडी मऊ फडक्याने पुसायचे, आणि मी देवाचं नाव घ्यायचो.

१९९४ सालची गोष्ट. राजूरजवळच्या एका वाडीत विहिरीच्या कट्ट्यावर उभ्या राहून बाया पाणी शेंदायच्या. त्या कट्ट्याखालची भिंत पाण्यात पोकळ झाली आहे, असं सूर्यभान गवंडी सांगून दमला. कोणी ऐकेना. मग तिथे आलेल्या भाऊंनी मला त्याच्या हाती दिलं. त्याने बुडी मारली, खूण म्हणून भिंतीतल्या भगदाडात लाल चिंधी खोवली आणि फोटो काढला.

फोटो धुऊन आले. सगळीकडे हिरवा गढूळपणा, आणि चिंधी सावलीसारखी काळी. सरपंच काकासाहेब हसले, "गवंडी, ह्यात तर नुसती मेथीची भाजी दिसतीया!"

भाऊ म्हणाले, "पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. अशा हिरव्या पाण्यात पिवळा जरा खोलवर टिकतो. आणि उतरायचं तर भर दुपारी, ऊन सरळ खाली जातं तेव्हा."

सूर्यभानची बायको कडूबाई हे ऐकत होती. तिचा नेम होता. रोज विहिरीच्या पाण्यात हळदकुंकू आणि फुलं वाहिल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. तिने पांढरं धोतर फाडलं, हळदीत बुडवलं आणि विहिरीत सोडायच्या दोराला दर हातभर अंतरावर पिवळ्या चिंध्या बांधल्या.

"आता काय, हळद लावून पुन्यांदा लगीन लावती व्हय माझं?" सूर्यभान म्हणाला.

"गप उतरा. आन् दोर सोडू नगा."

आम्ही उतरलो. पुरुषभर खोलीवर सूर्यभानच्या मनगटावरचा लाल गंडा तपकिरी झाला. आणखी खाली तो काळा पडला. माझी पेटी करकरू लागली. कट्ट्याखाली माणूस मावेल एवढी कपार होती. दोर सोडून तो आत शिरला. पिवळी चिंधी लावली, कळ दाबली. फोटो मिळाला.

वळताना त्याचा पाय तळाला लागला आणि काळा गाळ ढगासारखा उसळला. घाबरून त्याचं बोट पुन्हा कळीवर पडलं. कपारीच्या तोंडातून येणाऱ्या उजेडात हजारो पांढरे कण चमकले. त्यांतच कुजलेल्या पाकळ्या फिरत होत्या. मग काहीच दिसेना. तो वर गेला, डोकं दगडावर आपटलं. डावीकडे दगड, उजवीकडेही दगड. त्याचा श्वास संपत आला होता. त्याच्याबरोबर मीही इथेच राहणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात गाळापलीकडे एक फिकट पिवळा ठिपका दिसला. तो तिकडे झेपावला. हाताला दोर लागला.

वर आल्यावर सूर्यभान कितीतरी वेळ खोकत होता. कडूबाई त्याच्या केसांतला गाळ काढू लागली आणि एकदम थांबली. बोटांत काळपट देठ होता.

"ही माझीच शेवंती हाय," ती हळूच म्हणाली. "म्या रोज वाहिल्याली."

तिने डोळ्यांना पदर लावला. खोकला आवरून सूर्यभान म्हणाला, "द्येवाला पोचली न्हाई, मला पोचली. एवडं काय रडायचं त्यात!"

नव्या फोटोत पिवळी चिंधी आणि तिच्यामागचं भगदाड स्पष्ट दिसलं. काकासाहेब या वेळी हसले नाहीत. त्यांनी कट्ट्यावर काटे टाकून तो बंद केला. आठव्या दिवशी सकाळी कट्टा धडाडून विहिरीत गेला. बाया पलीकडच्या बाजूला घागरी धरून उभ्या होत्या.

कडूबाईने नेम मोडला नाही. हळदकुंकू विहिरीच्या काठाच्या दगडाला लावायची, फुलं मात्र तुळशीच्या मुळाशी पुरायची.

मित्रांनो, माझी रबराची कडी आता चिरली आहे. मी पुन्हा पाण्यात उतरणार नाही. मला कोणी पुसलं नाही तरी चालेल. पण पाण्यात काही सोडताना हात जरा आवरा. ते नाहीसं होत नाही, तळाशी जाऊन थांबतं. आणि तिथे कोणीतरी श्वास रोखून वाट शोधत असतं.