मीराबाईंच्या सोडतीतले दिवे

राधाच्या पत्राला गंगाधर सकपाळने उत्तर पाठवलं नव्हतं, हे लालबागच्या त्या चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार तरी कसं? पत्र आल्याचंच त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

गिरणीसंपाचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. राधाचे वडील सूतखात्यात होते. घरातली भांडी विकायची वेळ आली तेव्हा त्यांनी बिऱ्हाड गुंडाळलं आणि कणकवलीकडची एसटी धरली. एसटीच्या टपावर ट्रंका चढल्या, पाटा-वरवंटा चढला, पण तुपाच्या डब्यात लावलेली रातराणी घ्यायला कंडक्टर तयार होईना. राधाने तो डबा परत आणून गंगाधरच्या दाराशी ठेवला. तिचं एकाच माणसाशी पुस्तकांचं देणंघेणं होतं, ते म्हणजे गंगाधर. पुस्तक देताना तो तिच्याकडे न बघता मुखपृष्ठाकडे बघायचा, हे तिलाही कळत होतं.

मग गावाहून पत्र आलं. लांबलचक नव्हतं. ख्यालीखुशाली, पाऊस, आंब्याची कलमं आणि शेवटी, 'रातराणीला फूल आलं की कळवा. घाई नाही.'

'घाई नाही' हे दोन शब्द गंगाधरने इतके मनावर घेतले की मध्ये तीसबत्तीस वर्षं निघून गेली.

दोष सगळा त्याचाच होता असं नाही. रातराणीला फूलच आलं नाही! तुपाच्या डब्यातून ती रंगाच्या डब्यात गेली, रंगाच्या डब्यातून निळ्या पिंपात. गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकून दुसऱ्या मजल्याच्या वाळत घातलेल्या साड्यांना टेकली. पण पानं, पानं आणि पानं. पत्र म्हणत होतं, फूल आलं की कळवा. फूल न आल्याचं कळवायचं की नाही याबद्दल पत्रात काहीच नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते गृहीत धरण्याची गंगाधरची छाती नव्हती. तो आंतरदेशीय पत्रं आणून ठेवी, मायना काय लिहावा यावर आठवडाभर विचार करी, आणि मग पानाखाली बोट घालून बघे. कळी नाही. पत्र परत ट्रंकेत.

दर मे महिन्यात शेजारच्या मीराबाई राधाच्याच गावी जाऊन येत. गिरणी चालू असताना त्यांनी पंचवीस माणसांची खानावळ चालवली होती, त्यामुळे त्यांचा आवाज अजून पंचविसाव्या माणसापर्यंत पोचेल असाच होता. आल्या की कठड्याला टेकून सांगायच्या, "भावजी, तुमची आठवण काढणारं गावात एकच माणूस. राधाबाय! शाळेत बाई होती ना, रिटायर झाली आता. लग्नबिग्न काय केलान नाही. विचारीत होती, गॅलरीत कुंड्या असतात काय अजून?"

"असतात म्हणावं," गंगाधर म्हणायचा आणि पाणी घालायला म्हणून उठायचा. त्या दिवशी कुंड्यांना तीनतीनदा पाणी मिळे.

असं सगळं चाललं असताना नवरात्रात मंडळाने बायकांसाठी सोडत काढली. पहिलं बक्षीस मिक्सर होता. मीराबाईंना दुसरं लागलं. त्या खोका छातीशी धरून जिना चढल्या आणि वर येऊन बघतात तो आत आठ काळे दांडे. प्रत्येकाला खाली टोक, वर स्टीलची टोपी, टोपीवर चौकोनी काळी काच.

"ह्या काय? भुट्टे भाजूचे की काय?"

आनंदा शेजारीच होता. आनंदा म्हणजे गिरणीच्या साचेखात्यातला, मागांवरचा जुना माणूस, गंगाधरचा दोस्त, ज्याला कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. तो म्हणाला, "वैनी, सोलार दिवे आहेत हे. बागेतले. दिवसा ऊन खायचं, रात्री आपोआप पेटायचं. वायर नाही, बिल नाही."

"बागेतले! माझ्याकडे बाग खंयची?" मीराबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर गंगाधरच्या दाराशी लागलेल्या डबे-पिंपांवर स्थिरावली. "ही काय बाग! भावजी, बाजूला व्हा."

गंगाधर बाजूला होईपर्यंत तुळशीत एक, मोगऱ्यात एक, कढीपत्त्यात एक आणि रातराणीच्या पिंपात दोन दिवे खोचले गेले होते. उरलेले तीन कोरफडीत. खोक्यात माहितीचं पत्रक होतं, ते चिनी भाषेत. गंगाधरकडे शब्दकोश सात होते, पण त्या उपयोगाचा एकही नव्हता. तरीही त्याने पत्रक चष्म्याजवळ नेऊन शेवटपर्यंत बघितलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. गिरणी जाऊन तिथे काचेचा टॉवर उभा राहिला होता, तरी आनंदाच्या अंगातून साचेखात्याचा दसरा गेला नव्हता. साच्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, प्रत्येकाच्या हातावर पेढा. आता पूजा करायला यंत्र कुठलं? घरात शिवणयंत्र, टीव्ही, आणि हे आठ दिवे.

"नवीन मशीन आलंय, पूजा नको?" म्हणून त्याने वाटीत हळद कालवली, कुंकू कालवलं आणि प्रत्येक टोपीवरच्या काळ्या काचेवर ऐसपैस स्वस्तिक काढलं. त्यावर अक्षता. त्यावर झेंडूचं फूल. मीराबाईंनी ओवाळलं. गंगाधरने नमस्कार केला. मग त्या आठही दिव्यांनी टॉवर आणि पाण्याची टाकी यांच्या फटीतून येणारं दुपारचं ऊन मनसोक्त खाल्लं, असं सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी अख्खी गॅलरी जमली. मीराबाईंनी रोजच्यासारखी दिवेलागणीला मधली ट्यूब लावली, सगळ्यांनी ट्यूबला हात जोडले, आणि सगळे दिव्यांकडे बघत बसले.

काही नाही.

"नवे आहेत, बुजतायत," आनंदा म्हणाला.

तासाभराने तो म्हणाला, "चायना माल."

गंगाधरच्या मनात एक शंका सकाळपासूनच होती. पण पूजेला नावं ठेवणारा आपण कोण, असं म्हणून तो गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने हळूच विषय काढला. "मला वाटतं... म्हणजे चूकही असेल माझी... पण ऊन काचेतून आत जात असेल, तर हळद..."

आनंदा त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे मग काल बोलायचं ना रे गंग्या! मी काय तुला खाल्ला असता?"

दिवे बादलीत धुतले. लिंबू लावून धुतले. हळदीचा पिवळेपणा जाईना तेव्हा मीराबाईंनी तवा घासायची राख आणली, ती मात्र गंगाधरने हात जोडून परत पाठवली. मग दिवे गच्चीवर गेले. तिथे मीराबाईंचा जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत होता, त्या जवळ्याच्या कडेने आठ दिवे आडवे निजवले आणि मीराबाई काठी घेऊन कावळे हाकत बसल्या. कावळ्यांना दिव्यांत काडीचाही रस नव्हता, पण काठीचा एक फटका दिव्यालाही बसला. संध्याकाळी दिवे खाली आले, जवळ्याच्या वासासकट कुंड्यांत गेले, ट्यूब लागली, हात जोडले गेले.

काही नाही!

"मिक्सर लागला असता तर निदान खोबरं वाटलं असतं," मीराबाई म्हणाल्या. खोका घेऊन त्या मंडळाच्या कचेरीतही जाऊन आल्या. मंडळाने हात वर केले.

दिवाळीच्या दोन दिवस आधी आनंदा कंदील टांगायला स्टुलावर चढला. जुनी वायर, जुना होल्डर. दिवेलागणीची वेळ, ट्यूब लागलेली, मीराबाईंचे हात जोडलेले. आनंदाने कंदिलाची पिन खोचली आणि फट् करून आवाज झाला. मजल्याचा फ्यूज उडाला. ट्यूब गेली, टीव्ही गेले, सगळीकडून "अगो बाय!" झालं.

आणि त्या काळोखात, टप् टप् टप्, तुळशीत, मोगऱ्यात, कढीपत्त्यात, कोरफडीत, रातराणीत, एकामागून एक आठ दिवे उजळले. दुधात केशर टाकावं तसा रंग. पानांच्या सावल्या भिंतीवर आल्या. गंगाधरच्या दाराला जाळीदार पडदा लावल्यासारखं झालं.

मग मीराबाई अशा ओरडल्या की तळमजल्यावरची माणसं आग लागली समजून वर धावली.

आनंदाने फ्यूज बांधला. ट्यूब लागली. दिवे विझले.

"हाय रे!" म्हणत मीराबाईंनी बटण बंद केलं. दिवे पेटले. बटण चालू, विझले. बंद, पेटले! त्यांना हसू फुटलं. "अहो, हे लाजतात! ट्यूब पुढ्यात आली की मान खाली! अगदी आमच्या भावजींसारखे!"

आता सगळा मजला बटणावर तुटून पडला. ज्याला त्याला एकदा बंद करायचं, एकदा चालू करायचं. तळमजल्यावरून आलेल्यांनीही रांग लावली. आनंदा स्टुलावरूनच वाहतूक पोलिसासारखे हात करत होता. रोज लक्ष्मीच्या स्वागताला आपण जी ट्यूब भक्तिभावाने लावत होतो, तिनेच दिव्यांना दिवस असल्याचं भासवलं होतं, हे कळल्यावर तर माणसं पोट धरून हसायला लागली.

फक्त गंगाधर हसत नव्हता. तो ट्यूबकडे बघत होता.

ही ट्यूब त्याचीच होती. राधा गेली त्याच महिन्यात त्याने ती लावून घेतली होती. तोवर तिथे मिणमिणता बल्ब असे, तोही निजानीज झाली की बंद. संपात काम नाही, खोलीत माणसं फार, वाचायला जागा हवी, म्हणून त्याने गॅलरीत, नेमकी कुंड्यांच्या डोक्यावर ट्यूब बसवली. मग कुणाचा तरी तांब्याचा हंडा चोरीला गेला आणि ट्यूब रात्रभर चालू ठेवायचं ठरलं. तेव्हापासून ती उजाडेपर्यंत जळत होती, रातराणीच्या थेट तोंडावर; तिला रात्र अशी झालीच नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "ही ट्यूब... रात्री बंद ठेवली तर चालेल का? म्हणजे हरकत असेल तर राहू दे..."

"दिवेलागणीला काळोख?" कुणीतरी मागून म्हणालं. "आणि चोर?"

"आठ दिवे आहेत की! लक्ष्मीला काय ट्यूबच लागते?" मीराबाई कडाडल्या. "आणि चोरायला हंडा आता कुणाकडे आहे, ते सांगा आधी!"

ट्यूब बंद झाली. दिवाळीचा कंदीलसुद्धा मीराबाईंच्या हुकुमाने गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. सोलार दिवे जेवणंखाणं होईपर्यंत टिकत, मग एकेक मान टाकी आणि गॅलरीत बऱ्याच वर्षांनी खराखुरा काळोख पडे. गंगाधरला वाचता येत नसे. तो खुर्ची टाकून नुसता बसे. आनंदा विचारी, "पुस्तक नाही, मग करतोस काय रे?" गंगाधर म्हणे, "काही नाही." पण दिवा लागायच्या आत तो रोज पानाखाली बोट घालून बघत होता.

एके दिवशी बोटाला काहीतरी लागलं. बारीक, हिरवट, झुबक्याने. अळ्या असतील, असं त्याला वाटलं. भिंग आणलं. अळ्या हलत नव्हत्या. तरी तो कुणाला बोलला नाही. कळी धरते आणि गळतेही, असं त्याने वाचलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी जेवणं उरकत होती, दिवे भरात होते, तेव्हा खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अरे अत्तर कुणी सांडलं?" जिन्यातून कुणी म्हणालं, "वर लग्न आहे काय?" मीराबाई आमटीचा हात तसाच धरून बाहेर आल्या. रातराणीच्या पिंपातले ते दोन दिवे, आणि त्यांच्यावर पांढऱ्या चांदण्यांचे घोसच्या घोस.

"गंग्या!" आनंदा ओरडला. "फुलली रे फुलली!"

गंगाधरच्या तोंडून निघून गेलं, "आता पत्र लिहावं लागणार!"

"कुणाला?" सगळी गॅलरी एका आवाजात म्हणाली.

तो गोरामोरा झाला. चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्याने सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, पण मीराबाईंच्या हातावरची आमटी सुकून गेली.

"अहो, दरसाल मी तिकडे जाते, दरसाल ती कुंड्यांचं विचारते, आणि तुम्ही नुसतं असतात म्हणावं! देवा रे, देवा रे! लिहा आत्ताच्या आत्ता!"

"उद्या लिहितो. मायन्याचा जरा विचार..."

"मायना गेला खड्ड्यात," आनंदा म्हणाला आणि त्याने ट्रंकेतून आंतरदेशीय पत्र उपसून काढलं. ते इतकं जुनं होतं की त्यावरच्या छापील किमतीत आता चणेसुद्धा आले नसते. मग घराघरांतून तिकिटं गोळा झाली. कमी पडायला नको म्हणून आनंदाने सगळी चिकटवली. पत्त्यापुरती जागा कशीबशी उरली. पत्ता मीराबाईंनी सांगितला, पिनकोडसुद्धा.

गंगाधर कोरफडीतल्या दिव्यांपाशी वाकून लिहायला बसला. चाळ भोवती उभी होती. त्याने लिहिलं:

'राधा, फूल आलं. उशीर झाला तो माझ्या ट्यूबमुळे, रातराणीचा दोष नाही. आता ट्यूब बंद आहे. वास तिन्ही मजल्यांना येतो. बघायला यावं. कुंडी तुमचीच आहे. घाई आहे. गंगाधर.'

"काय लिहिलंत?" मीराबाईंनी विचारलं.

"फूल आलं म्हणून लिहिलं."

"एवढंच?"

"थोडं जास्त आहे," तो म्हणाला आणि घडी चिकटवून टाकली.

आता हा माणूस सकाळपर्यंत पत्र परत फाडेल, याची सगळ्यांनाच खात्री होती. म्हणून वरात तेव्हाच निघाली. पुढे आनंदा, हातात मोगऱ्यातला दिवा मशालीसारखा उंच धरलेला. मागे गंगाधर, त्याच्या दंडाला धरून मीराबाई, आणि त्यांच्यामागे कारण ठाऊक असलेली आणि नसलेली बरीच माणसं. नाक्यावर रस्त्याच्या दिव्याखाली येताच आनंदाच्या हातातला दिवा पटकन विझला.

"लाजला!" आनंदा म्हणाला, आणि भर रस्त्यात सगळे हसत सुटले. गंगाधरही हसला, इतका की त्याला लाल पेटीचा आधार घ्यावा लागला.

पेटीच्या तोंडाशी त्याचा हात थांबला. "वहिनी, 'घाई आहे' हे जरा आगाऊ तर वाटणार नाही ना?"

"काय घाई आहे? कोणाला?" मीराबाई म्हणाल्या.

त्याने बोटं सोडली. इतक्या तिकिटांचं ते पत्र आत पडलं तेव्हा चांगलाच आवाज झाला.