मागून म्हणणारी

मी एको मशीन बोलतेय, आणि माझं कोणी खरं मानलं नाही, हे आधी ऐकून घ्या.

माझ्या पोटात टेपची पट्टी गोल फिरते. पुढे बाई गातात, मी ते टिपते आणि क्षणभराने मागून म्हणते. माझा स्वतःचा आवाज नाही. त्यामुळे मी कण्हले तरी लोकांना वाटतं, बाईच कण्हतेय.

माझा पहिला मालक गिटारवाला. त्याने मला कपाटावर टाकून वर जुन्या गोधड्या रचल्या. तिथून मला बाईंच्या नवऱ्याने आणलं. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. वाद्यवृंद त्यांचा, स्पीकर त्यांचे, आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

त्या दिवशी कार्यक्रमाआधीच्या तालमीत माझी टेप घसरायला लागली. बाईंचा सूर स्पीकरमधून हेलकावत बाहेर पडायचा.

"सूर हलतोय तुझा," मास्तर म्हणाले. "वय झालं. आज माझी पुतणी गाईल."

"माझा नाही, मशीनचा हलतोय!"

"बिचाऱ्या यंत्रावर ढकलू नकोस."

पुतणी नटून आलीही होती. बाहेर लोक शिट्ट्या मारत होते. बाईंनी एकदाही डोळे पुसले नाहीत. हार्मोनियमवाल्या काकांना म्हणाल्या, "काका, माइकसमोर एकच सूर धरून ठेवा."

काकांनी धरला. हार्मोनियम सरळ, आणि मागून मी तोच सूर झिंगल्यासारखी डुलत म्हटला.

"काय हो काका, तुमचंही वय झालं?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

मग लगेच बाईंनी माझं झाकण उचकटलं, टेप ओढणाऱ्या रबरी चाकाला बोट लावलं. बोट तेलकट! शिलाई मशीनचं तेल.

"कोणी घातलं?"

सगळे चपला बघायला लागले.

"कुरकुरत होतं जरा," मास्तर पुटपुटले. "यंत्राला तेल नको?"

"दाराची बिजागरी आहे का ती? रबराला पकड लागते!"

पदराला स्पिरिट लावून त्यांनी मला खसाखसा पुसलं. पुतणीला म्हणाल्या, "तू बस गं पोरी, तुझा काही दोष नाही."

आता माझं रबर झिजलंय, मोटर तापते. फार दिवस नाही चालायची मी. पण सूर हलला तर बाईला हाकलण्याआधी माझं झाकण उघडा, एवढं करा.

तर त्या दिवशी पडदा उघडला. समोरून कोणी तरी ओरडलं, "उशीर कोणामुळे?"

बाईंनी माइक ओठांशी धरला आणि एकच शब्द बोलल्या. मी तो, जन्मात पहिल्यांदा मनापासून, मागून म्हटला:

"मास्तर… मास्तर… मास्तर."