चावलेला बाक

सुतार रंधा टेकवणार एवढ्यात मावशी त्या बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांनी पाठ घट्ट टेकवली. हातात मेणाचा बोळा तसाच होता.

"उठा मावशी, पाच मिनिटांचं काम आहे."

"मग ती पाच मिनिटं दुसरीकडे घालव."

एकोणतीस वर्षं मावशी या चर्चची देखभाल करत होत्या. गाव लहान, चर्च त्याहून लहान; पण जुनं म्हणून लोक बघायला येत. कोरीव वेदीचे, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडीचे फोटो निघत. शेवटून दुसऱ्या बाकाकडे कुणी ढुंकून बघत नसे. त्याच्या पाठीची कड कुरतडल्यासारखी होती आणि मावशी नेमक्या तिथेच मेण लावत नसत. उद्या शहरातून मोठे लोक येणार होते, म्हणून फादरांनी कड तासायला सांगितली होती.

आजही एक तरुण आई आली होती. तान्ह्या लेकीला घेऊन ती मागच्या, दारालगतच्या बाकावर बसली होती. लेक पुढे झुकून समोरच्या बाकाच्या कडेला तोंड लावायला गेली, तशी तिनं तिला झटकन मागे ओढलं, ओठ पुसले, मग पुन्हा पुसले.

फादर आले. हट्ट कशाला, म्हणाले. लोकांना वाटेल, इथे उंदीर झालेत.

"उंदीर नाहीत, फादर. पोरं रडली की बाहेर नेता यावीत म्हणून आया मागच्या बाकावर बसतात. दात येताना पोरं काय करतील? समोर असेल ते चावतील. मेण तोंडात जाईल म्हणून मी लावत नाही. ही तिरकी खूण तुमची. तुमच्या आईनंच दाखवली होती मला."

सुताराला हसू आवरेना. फादरांनी नकळत ओठ मिटले.

"उद्या येणाऱ्यांना मी सांगेन," मावशी म्हणाल्या. "नाही पटलं तर बाकासकट मलाही काढा."

 मग मावशींनी कडेवरच्या दोन बारीक खळग्यांवर बोट ठेवलं.

"आणि हे माझ्या मुलीचे. ती गेली तेव्हा तिला दोनच आले होते."

सुतारानं रंधा पिशवीत टाकला.

लेक पुन्हा पुढे झुकली. आईचा हात रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिनं लेकीला नीट उभं धरलं.

मावशींनी बोट उचललं आणि जागा करून दिली.